डावा तळहात

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच मातीआड करतात. उदगीरजवळच्या आमच्या शेताच्या बांधाला आजोबा असे बसले आहेत, त्यांच्या शेजारी आजी सिद्धम्मा. आजीच्या पलीकडची जागा अप्पांसाठी धरलेली होती. कुणी कधी तसं बोललं नसेल, पण तिथे कुणी झाड लावलं नाही की कडबा रचला नाही.

अप्पांना ती जागा नको होती. "जन्मभर मोंढ्यात मांडी घालून बसलो," ते म्हणायचे, "मेल्यावर तरी पाय लांब करू द्या की."

हसत म्हणायचे, पण ते खरंच होतं. माझे वडील मृत्युंजय बिरादार, मोंढ्यातले म्हणजे धान्यबाजारातले अडत्ये, मी शाळेत असताना ख्रिस्ती झाले. मोंढ्यामागच्या गल्लीत पत्र्याचं एक प्रार्थनाघर होतं. तिथली मंडळी म्हणजे हमाल, वीटभट्टीवरची माणसं, दवाखान्यातली एक आया. लिंगायतांच्या घरातलं तिथे कोणी जात नसे. अप्पा का गेले, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "तिथं मला कुणी 'या शेठ' म्हणलं न्हाई. सरकून जागा दिली."

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गळ्यातलं लिंग काढून आईच्या हातात दिलं. "माझ्या अव्वानं बांधलेलं हाय, फेकणार न्हाई. तू ठेव." अव्वा म्हणजे त्यांची आई, सिद्धम्मा. आईनं ते चांदीच्या डबीत घालून देवघरात ठेवलं. पुढची सगळी वर्षं ती सकाळी स्वतःच्या लिंगाची पूजा करायची आणि मग ती डबी उघडून नवऱ्याच्या लिंगाची. दोघांत त्यावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही. बोलणंही ऐकलं नाही.

भांडण झालं ते उमाशंकरकाकांशी. दुकान दोघा भावांचं होतं.

"अण्णा, घरी कुणालाबी भज," काका म्हणाले होते, "दुकानात येताना कपाळाला भस्म तेवढं लाव. गिऱ्हाईक बघून राहिलंय. राखच हाय ती, काय जड हाय व्हय?"

"जड न्हाई उमा. पर कपाळ एकच हाय. एक दुकानाला अन् एक घराला, असं कुठून आणू?"

काकांनी दुकान ठेवलं. अप्पांनी मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा धंदा मांडला. धूळ, ताग, उंदीर. पुढे माझी ठरत आलेली सोयरीक मोडली, त्यानंतरचीही मोडली, आणि मी नांदेडला कॉलेजात शिकवायला गेले ते तिथलीच झाले. अप्पांनी मला कधी मंडळीत ये म्हटलं नाही. मीही गेले नाही. पण सुट्टीत त्यांच्या दुकानात जाऊन बसायला मला आवडायचं. पोत्यांच्या थप्पीवर बसून ते फाटकी पोती दाभणानं शिवत आणि बोलत.

"जग काय करतंय, मंजू? रात्रभरात आपल्याला आपल्या मापाच्या पोत्यात भरून ठेवतंय. कुणाला काय वाटंल, भावकी काय म्हणंल, समोरचा किती वाकला, आपण किती वाकायचं. सकाळी उठलं की आधी त्या पोत्यातून भाईर यायचं. मन रोज नवं करावं लागतंय. एकदा करून भागत न्हाई."

"रोज?"

"रोज. संध्याकाळपतुर परत भरतंयच की ते."

हे नवं करणं ते कसं करत, ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. पहाटे अंघोळ करून ते खोलीच्या पूर्वेच्या भिंतीशी मांडी घालून बसत. डावा हात छातीसमोर धरत, तळहात वर. लिंगपूजेला धरतात तसाच. फक्त त्यावर काही नसे. रिकाम्या तळहाताकडे बघत ते बराच वेळ बसत, आणि ओठ हलत. त्यांच्या पाळकांना, नरसिंगरावांना, हे खटकायचं. ते आमच्या घरी चहाला आले की म्हणत, "बिरादारसाहेब, जुनं वळण सोडा आता. हात जोडा." अप्पा त्यांना बिस्किट पुढे करत आणि म्हणत, "पाळकसाहेब, ह्या हातावर लई वर्षं काही ना काही होतं. आता देणाऱ्याला दिसू द्या, रिकामा झालाय म्हणून."

लातूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी आम्ही दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेतला. अप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि प्यायचं विसरले.

"ह्यात माणूस मागं मागं जातंय, असंच म्हणले न्हवं का?"

"अलीकडचं आधी जातं, अप्पा. लहानपणाचं शेवटपर्यंत राहतं."

"म्हंजे प्रभू आधी जाणार अन् लिंग ऱ्हाणार."

मी बशी त्यांच्या हाताशी सरकवली.

"ऐक," ते म्हणाले. "उद्या मी लिंग मागितलं तर देऊ नको. कुणाला देऊ देऊ नको. अन् मेल्यावर मंडळीच्या जागेत मला आडवं ठेव."

"आणि मागणारे तुम्हीच असाल तर?"

"त्यो मी नसन."

"मग कोण असेल?"

त्यांनी खरोखर विचार केला. टपरीवाल्यानं तोवर पुढच्या गिऱ्हाइकाचा चहा गाळला. "ते मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "पर माझा निकाल त्याच्या हाती देऊ नको. शब्द दे."

मी आजवर कुठल्या देवाला शब्द दिलेला नाही. त्यांना दिला.

डॉक्टर बोलले तसंच झालं. आधी पाळकांचं नाव गेलं, मग गीतं, मग प्रार्थनेचे शब्द. एका रविवारी उपासना चालू असताना ते उठून उभे राहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "जेवणं कवा हायत? पाव्हणे तर बसले." त्यानंतर आईनं त्यांना पाठवणं बंद केलं. मग मराठी गेली आणि तिच्याखालून त्यांच्या लहानपणीची कानडी वर आली. ते आईला अव्वा म्हणू लागले. मला काहीच म्हणेनासे झाले. मी दर शनिवारी लोहा-कंधारवरून एसटीनं यायची, आणि ते माझ्याकडे पाहून नमस्कार करायचे. कुणीतरी बाई आली आहे, एवढं त्यांना कळायचं.

पहाटेचं बसणं तेवढं राहिलं. मांडी, छातीसमोर हात, वर तळहात. ओठ हलायचे. मधूनच कानडीत म्हणायचे, "कोडु, अव्वा." दे, आई.

"बघ," आई म्हणाली. "मागून राहिलेत."

"हे त्यांचं रोजचंच आहे आई. तो हात ते रिकामाच ठेवतात."

"शुद्धीत होते तवा ठेवत होते. आता शुद्ध कुठाय? आता जे वर आलंय ते आतलं हाय."

एसटीत बसून मी तेच उलटसुलट करत असे. आतलं कोणतं? बाळ असताना कुणी गळ्यात बांधलेलं, की जाणतेपणी रोज पहाटे उठून निवडलेलं? मेंदूवर सापडेल ते वाचलं, आत्म्यावर तर आधीपासूनच वाचत आले होते. दोन्हीकडच्या लोकांनी भरपूर लिहिलं आहे. आईला उत्तर देता येईल असं एक वाक्य मला मिळालं नाही.

श्रावणात काकांचा फोन आला. "सोमवारी अय्या येऊन राहिलेत. अण्णाला लिंग बांधायचंय. तू येतीस तर ये, पर तोंड बंद ठिव."

मी रविवारीच पाळकांना गाठलं. उपासना संपली होती, ते सतरंजीची घडी घालत होते. मी दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं.

"ताई, तुमचे अप्पा विश्वासात पक्के होते. माझ्यापेक्षा पक्के," ते म्हणाले. "पर मी उद्या येऊन दारात उभा राहिलो, तर परवा मोंढ्यात आमच्या माणसांना काम कोण देईल? आमची घरं किती, बिरादारांची किती?"

"तुम्ही फक्त येऊन बसा. काही बोलू नका."

त्यांनी सतरंजी कपाटात ठेवली. "अन् ते हाताचं," ते म्हणाले, "मी तवाच सांगत होतो, हात जोडा. ऐकलं असतं तर आज कुणाला शंका आली नसती."

"तुम्हालाही शंका आहे?"

"मी प्रार्थना करतो, ताई," ते म्हणाले.

सोमवारी घरात सारवल्यासारखा वास होता. दारात रांगोळी, आत धूप. रुद्राणीकाकू पानं पुसत बसल्या होत्या. "आलीस व्हय? पुस्तक आणलीस का, का तोंडपाठ हाय सगळं?" त्या म्हणाल्या आणि बाकीच्या बायका हसल्या. अप्पा पाटावर बसले होते. नवं धोतर, उघडं अंग, आणि कपाळावर भस्माचे तीन ठळक पट्टे. त्या कपाळासाठी त्यांनी दुकान सोडलं होतं. ते सगळ्यांकडे आळीपाळीनं बघून हसत होते.

अय्या, आमचे जंगम गुरू, म्हातारे आणि शांत होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"अय्या, त्यांनी हे जाणून सोडलं होतं. आता त्यांना कळत नाही. न कळणाऱ्या माणसाला कसं बांधता?"

"बाई, लेकरू जन्मलं की आपण बांधतो. लेकराला कुठं कळतं?"

"म्हणूनच मोठं झाल्यावर त्यांनी विचारपूर्वक सोडलं."

"मग आता परत लेकरू झालेत," अय्या म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

काका मागून म्हणाले, "अण्णा शाना व्हता तवर चुकला. दिमाग गेला अन् ठिकाणावर आला. देवाची करणी, दुसरं काय? उठ तिथनं."

मी उठले नाही. आईनं देवघरातून चांदीची डबी आणली. अय्यांनी मंत्र म्हटला, लिंगावर पाणी घातलं, आणि ते पुढे धरलं. अप्पांनी आपणहून डावा हात छातीसमोर आणला. बायकांच्या तोंडून "शिवा शिवा" निघालं. कुणी तरी हुंदका दिला.

मी माझा हात त्यांच्या तळहातावर ठेवला. झाकला. "अप्पा," मी म्हणाले, "मी मंजू. तुम्ही नको म्हणाला होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगावर बसलेली माशी झटकावी तसा माझा हात बाजूला केला. मग लिंग घेतलं, बोटं मिटली, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल पडला. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. मी ते पाहिलं आणि मग मला उठता आलं.

त्यानंतरचे दिवस घराला बरे गेले. हे मला मान्य करावं लागेल. अप्पा झोपू लागले, म्हणून आई झोपू लागली. जे घर भावकीनं इतकी वर्षं वाळीत टाकल्यासारखं ठेवलं होतं, तिथे माणसं येऊ लागली. रुद्राणीकाकूंकडून डबा यायचा. काका संध्याकाळी येऊन अप्पांच्या पायाशी बसायचे, अडतीतलं सांगायचे, तुरीला काय भाव निघाला ते. एकदा मी त्यांना अप्पांचे पाय चेपताना पाहिलं. जग आपल्या पोत्यात आलेल्याला छान सांभाळतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मला पहाटे जाग आली. अप्पा पूर्वेच्या भिंतीशी बसले होते. गळ्यातल्या दोऱ्याची गाठ त्यांना सुटत नव्हती. बोटं चुकत होती, ते पुन्हा पुन्हा धरत होते. शेवटी दोरा डोक्यावरून काढला. लिंग फेकलं नाही. शेजारी पाण्याची वाटी होती, तिच्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, धोतरानं वाटी कोरडी केली आणि ते तिच्यात ठेवलं, अगदी जपून. मग डावा हात छातीसमोर धरला. रिकामा. ओठ हलू लागले.

मी अंथरुणातच उठून बसले.

आई चहा घेऊन आली. तिनं वाटी पाहिली, कप खाली ठेवला, लिंग उचलून पुन्हा त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी विरोध केला नाही. हात तसाच राहिला.

"आई, पाहिलंस?"

"काढतेत. इसरतेत."

त्याच दिवशी मी काकांकडे गेले आणि सांगितलं की अप्पा रोज लिंग काढून ठेवतात, आणि मगच प्रार्थनेला बसतात. काका जेवत होते.

"येड्याचं काय धरतीस?" ते म्हणाले.

"तुम्हीच धरलं होतं."

"जेवतीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, तर त्यांनी ताटात भात घेतला आणि कालवू लागले.

अप्पा गेले ते पौषात, एका शनिवारी, मी पोहोचल्यावर थोड्या वेळानं. अंथरुणावर उताणे होते, पाय लांब केलेले. दुपारची वेळ. आई पायाशी, मी उशाशी. काही बोलले नाहीत. एक श्वास घेतला, पुढचा घ्यायचा राहिला.

मी दार लोटलं आणि आईला म्हणाले, "अजून कुणाला कळवू नको. मी पाळकांना फोन करते. मंडळीच्या जागेत नेऊ. मी अप्पांना शब्द दिलाय."

"मला ठाऊक हाय."

"तुला सांगितलं होतं त्यांनी?"

"न्हाई. मला काय सांगितलं त्यांनी कधी?" ती त्यांच्या पायावरची चादर सारखी करत होती. "देव बदलला, तवा इचारलं न्हाई मला. लिंग हातात दिलं, ठेव म्हणाले. म्या ठेवलं. भावकीनं हळदीकुंकवाला बोलवणं सोडलं, म्या ऱ्हायले. मला न इचारता त्यांनी देव निवडला. आता त्यांना न इचारता मी जागा निवडते."

"आई, त्यांना ते नको होतं. ते रोज काढून ठेवत होते."

"मला दिसत न्हाई होय?" तिनं वर पाहिलं. "तू एक दिवस बघितलंस. मी रोज बघितलं. पयल्या आठवड्यापासून. ते काढायचे, मी घालायची. इसरत न्हवते ते. इसरणारं माणूस वाटी पुसून कोरडी करतंय व्हय?"



"मग का घालत होतीस?"

"मी त्या बांधाला एकटी बसू काय?" ती म्हणाली. "सासू-सासरा तिकडं पल्याड, अन् माझ्या शेजारची जागा मोकळी. तू तर नांदेडात. तू कुठं जाणार ते तुला तरी ठाऊक हाय का?"

माझ्या हातात फोन होता. पाळकांचा नंबर समोर होता. मी तो लावलाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आईची संमती हाय का, ताई?" मी आईकडे पाहिलं. तिनं अप्पांचे दोन्ही पाय घोट्याशी धरले होते, कुणी ओढून नेईल तसे.

"नाही," मी म्हणाले. ते म्हणाले, "मग मी प्रार्थना करतो." मी फोन ठेवला आणि काकांना लावला.

माणसं जमेपर्यंत अंग ताठ झालं होतं. मांडी घालायला वेळ लागला. काका आणि त्यांचे दोन मेहुणे एकेक गुडघा धरून, गरम पाण्याची फडकी लावत, हळूहळू वाकवत होते. "सांभाळून, अण्णाला लागंल," काका म्हणाले, आणि मग त्यांनाच रडू कोसळलं. मी बाहेर गेले नाही. शब्द मोडताना निदान तिथे हजर असावं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी विमानात बसवून, म्हणजे फुलांनी मढवलेल्या खुर्चीत, त्यांना शेतावर नेलं. मोंढ्यासमोरून जाताना अर्ध्या दुकानांनी शटर खाली घेतलं. बारदान्याच्या दुकानासमोर काही हमाल डोक्यावरचं काढून उभे होते. त्यांच्यात पाळक होते की नाही, मी पाहिलं नाही.

खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा केला होता. त्यात त्यांना पूर्वेला तोंड करून बसवलं. अय्यांनी डावा हात छातीसमोर आणून त्यावर लिंग ठेवलं. बोटं मिटत नव्हती. अय्यांनी एकेक करून ती दुमडली, ती पुन्हा उघडली, तेव्हा त्यांनी वरून भस्माची पुरचुंडी ठेवून हात फडक्यानं बांधून टाकला. बेलाची पानं टाकली. भस्म टाकलं. मग माती.

आई माझ्या हाताला धरून काठावर उभी होती. तिनं शेजारची रिकामी जमीन पायानं दाखवली. "ही माझी," ती म्हणाली. मग खाली वाकून पाहिलं. माती त्यांच्या छातीपर्यंत आली होती. हात झाकला गेला होता, चेहरा अजून दिसत होता.

"बघ," ती म्हणाली, "कसे बसलेत. दुकानात बसल्यागत."

"हो," मी म्हणाले.